क्रूझचं बुकिंग खरं होतं, तरी आम्ही गेटवरून परत आलो

हे लिहायला मला तीन महिने लागले, कारण आठवलं की अजून पोटात कालवतं. पण आता परत सुट्ट्यांचा सीझन येतोय, फोनवर परत त्या मुंबई-गोवा क्रूझच्या जाहिराती सुरू झाल्यात, आणि आमच्या सोसायटीतल्याच एका काकूंनी परवा मला विचारलं की अगं एवढ्या स्वस्तात देतोय एक जण, घेऊ का. म्हणून बसून सगळं लिहितेय. मोठं आहे, पण पूर्ण वाचा, कारण आम्ही ज्यात अडकलो तो प्रकार नेहमीच्या खोट्या तिकिटाचा नाहीये.

आमचे अप्पा मूळचे वेंगुर्ल्याचे. वय ७८. लहानपणी ते मुंबईहून गावी बोटीने जायचे, भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं करत वेंगुर्ल्याला आली की समुद्रातच उभी राहायची आणि मग पडावात म्हणजे छोट्या होडीत उतरून किनाऱ्याला यायचं. त्या पडावात उतरताना त्यांच्या आजीचा हात सुटला होता आणि एका खलाशाने तिला उचलून घेतलं होतं, ही गोष्ट आम्ही भावंडांनी किती वेळा ऐकलीय सांगता येणार नाही. ती बोट बंद होऊन कित्येक वर्षं झाली. त्यामुळे क्रूझ सुरू झाल्या तेव्हापासून माझ्या मनात होतं की अप्पांना एकदा तरी समुद्रातून गोव्याला न्यायचं. त्यांना कॅसिनो, स्विमिंग पूल कशाचंच काही नव्हतं, त्यांना फक्त डेकवर उभं राहून आपला किनारा बघायचा होता.

ऑक्टोबरमध्ये मला इन्स्टावर एक जाहिरात दिसली. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, सगळं इन्क्लुडेड. नंबरवर मेसेज केला तर पाच मिनिटांत फोन. माणूस मराठी, बोलायला एकदम आदबशीर, मी अप्पांचं वेंगुर्लं सांगितलं तर म्हणाला मी कणकवलीचा, आणि सरळ मालवणीत सुरू झाला, "ताई, तुमी काय्येक टेन्शन घेव नकात, मी आसंय." अप्पांशी पण बोलला, त्यांना काका काका करत गावाच्या जत्रेचं विचारलं. अप्पा एवढे खूश झाले की फोन ठेवल्यावर आईला म्हणाले, आपलाच माणूस आहे. मला आता वाटतं की तिथेच आमची निम्मी चौकशी करायची राहून गेली. अनोळखी माणसाला आपण दहा प्रश्न विचारतो, आपल्या भागातल्याला विचारायला संकोच वाटतो.

आम्ही पाच जण, अप्पा-आईंना बाल्कनीची केबिन आणि आम्हा तिघांना आतली, म्हणजे जिला खिडकी नसते ती. जहाज कंपनीच्या साईटवर दोन्ही मिळून टॅक्स वगैरे धरून १ लाख ३१ हजाराच्या आसपास होत होते, हा म्हणाला १ लाख १२ हजारात करून देतो, ग्रुप कोट्यातून. आता १९ हजाराचा फरक काही डोळे दिपवणारा नव्हता. निम्म्या किमतीत दिलं असतं तर मीच म्हणाले असते की काहीतरी गडबड आहे. हा फरक बरोबर तेवढाच होता जेवढा एजंट देऊ शकेल असं आपल्याला वाटतं.

इथेच किमतीबद्दल एक सांगून ठेवते. जाहिरातीत जो आकडा असतो तो माणशी असतो, आणि तोही एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून. एकट्याने गेलात तर जवळजवळ दोघांचे भरावे लागू शकतात. त्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी, ग्रॅच्युइटी म्हणजे स्टाफची टिप वेगळी लागते, दारू, बरेचसे शो आणि सहली यांचे पैसे वेगळे. त्यामुळे कोणी "सगळं इन्क्लुडेड" म्हणालं की प्रत्येक गोष्ट लेखी घ्या, नाहीतर नंतर एकेक बाहेर काढून पैसे मागतात. आमच्याकडे तसेच मागितले.

तर त्याने पहिले ३० हजार बुकिंगला मागितले. यूपीआयवर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला कंपनीच्या अकाऊंटचं ऑडिट चालू आहे, हे मिसेसचं अकाऊंट. मी पाठवले. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, त्यात बुकिंग नंबर, केबिनचे टाईप, आमची पाचही नावं, वयं बरोबर. आणि मी नुसता विश्वास ठेवून बसले नव्हते, मी जहाज कंपनीच्या कॉल सेंटरला स्वतः फोन लावला, कारण अप्पांसाठी व्हीलचेअर हवी होती. तिकडच्या मुलीने नंबर विचारला, अप्पांचं नाव वाचून दाखवलं, व्हीलचेअरची नोंद घेतली आणि म्हणाली की मॅडम तुमचं बुकिंग सध्या ऑप्शनवर आहे. मी हो हो म्हटलं. मला वाटलं ऑप्शन म्हणजे केबिनचा काहीतरी प्रकार असेल. नाव सिस्टीममध्ये आहे ना, मग झालं तर, म्हणून मी निर्धास्त झाले.

हा शब्द कृपा करून लक्षात ठेवा. ऑप्शनवर किंवा होल्डवर म्हणजे केबिन नुसती अडवून ठेवलीय, पैसे आलेले नाहीत. क्रूझमध्ये विमानासारखं पूर्ण पैसे भरले की तिकीट असं नेहमी नसतं, एजंट काही दिवस केबिन होल्ड करू शकतो, मग थोडं डिपॉझिट भरून बुकिंग चालू ठेवता येतं आणि बाकीची रक्कम निघायच्या काही आठवडे आधीच्या एका ठरलेल्या तारखेपर्यंत भरायची असते. ती आली नाही तर बुकिंग रद्द. पण बुकिंग नंबर पहिल्या दिवसापासून असतो. खरा असतो. तुम्ही कंपनीला फोन केलात तर तुमचं नावही येतं. आमच्या माणसाने नेमकं हेच केलं, आमच्या ३० हजारातून थोडं डिपॉझिट भरलं, आम्हाला खरा नंबर दिला, आणि पुढचे सगळे पैसे स्वतःकडे ठेवले.

मग ५० हजार मागितले, दिले. नोव्हेंबरच्या शेवटी म्हणाला आज फायनल पेमेंटची शेवटची तारीख आहे, ३२ हजार लगेच टाका. तेव्हा माझ्या खात्यात तेवढे नव्हते म्हणून मी म्हटलं क्रेडिट कार्डाने चालेल का, तर जरा कुरकुरला, मग पेमेंट लिंक पाठवली. हे कार्डाने दिलेले पैसेच पुढे परत मिळाले, पण ते नंतर सांगते. निघायच्या पाच दिवस आधी परत फोन, ग्रॅच्युइटी आणि पोर्ट चार्जेस वाढलेत, ९,५०० द्यावे लागतील. मिस्टर चिडले, पण आईने नवीन साडीला फॉल लावून घेतला होता, लेकीने मैत्रिणींना सांगून झालं होतं, आता एवढ्यासाठी कशाला म्हणून तेही यूपीआय केले. एकूण १ लाख २१ हजार ५००.

या सगळ्यात मी त्याला चार वेळा वेब चेक-इनबद्दल विचारलं होतं. क्रूझला आधी ऑनलाईन चेक-इन करून बोर्डिंग पास घ्यावा लागतो, सामानाचे टॅग त्यातूनच मिळतात. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ताई ते आमचं ऑफिस करतं, आदल्या रात्री पास येतील. मी एकदा स्वतः साईटवर करायला गेले तर ओटीपी त्याच्या ईमेलवर गेला. कारण बुकिंगवर ईमेल आणि मोबाईल दोन्ही त्याचे होते. म्हणजे बुकिंग रद्द झाल्याचा मेल आला तो पण त्यालाच. आदल्या रात्री पास "आले". व्हॉट्सॲपवर, पाच जणांचे, क्यूआर कोडसकट.

बॅलार्ड पिअरला आम्ही डोंबिवलीहून गाडी करून वेळेच्या खूप आधी पोचलो. अप्पांनी पांढरा शर्ट घातला होता. गेटवर स्कॅन केलं तर काहीच येईना. गेटवरच्या माणसाने दुसऱ्याला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं, मग आम्हाला बाजूला बसवलं आणि कंपनीची एक मुलगी टॅब घेऊन आली. ती बिचारी फार सांभाळून बोलत होती. म्हणाली हे बुकिंग होतं, पण ११ दिवसांपूर्वी बाकी रक्कम न आल्याने कॅन्सल झालंय. मी एजंटला फोन लावला, एकदा वाजला, मग बंद. त्या दिवशी एकही केबिन शिल्लक नव्हती. आमच्या बाजूने माणसं बॅगा ढकलत आत जात होती आणि अप्पा खुर्चीत बसून गेटच्या पलीकडे जहाजाचा जो वरचा भाग दिसत होता तो बघत होते. मी रडायला लागले तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चल गो, घराक जावया." एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी तो विषय काढलेला नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढचं सांगते कारण ते कामाचं आहे. त्याच संध्याकाळी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन केला आणि cyber crime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. हा नंबर जितक्या लवकर लावाल तितकं बरं, कारण पैसे पुढे जायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. आमचे शेवटचे ९,५०० सुद्धा पाच दिवस जुने होते, त्या खात्यात काही उरलं नव्हतं. क्रेडिट कार्डाच्या बँकेत मात्र सर्व्हिस मिळाली नाही म्हणून डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराचे पैसे परत मागायचा अर्ज, टाकला, कंपनीकडून बुकिंग कॅन्सल असल्याचा मेल मागून घेतला होता तो जोडला, आणि साधारण दोन महिन्यांनी ३२ हजार परत आले. यूपीआयने स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशाला तशी सोय नाही. ८९,५०० अजून गेलेलेच आहेत.

पोलीस स्टेशनला पहिल्यांदा ऐकायला मिळालं की मॅडम, त्याने बुकिंग तर केलं होतं ना, मग हा पैशाच्या व्यवहाराचा वाद झाला, सिव्हिल मॅटर आहे. दोन चकरा अशाच गेल्या. मग माझ्या भावाने सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या आणि त्यातून दिसलं की बुकिंग ११ दिवस आधी रद्द झालं आणि त्यानंतर सहा दिवसांनी त्याने आमच्याकडून ९,५०० घेतले, म्हणजे जे बुकिंग नाहीच हे त्याला माहीत होतं त्याच्या नावाने पैसे घेतले. वर खोटे पास बनवले. हे दाखवल्यावर साहेबांचा सूर बदलला आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली, तक्रार नोंदवली गेली. म्हणून सांगते, चॅट डिलीट करू नका, कॉलच्या वेळा लिहून ठेवा, कंपनीकडून कॅन्सल झाल्याची तारीख लेखी घ्या. ग्राहक आयोगात पण आम्ही तक्रार टाकलीय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर नीट माहिती देतात. तिथे अडचण एकच झाली की त्याच्या पावतीवरचा पत्ता निघाला एका झेरॉक्सच्या दुकानाचा. पावतीवर जीएसटी नंबरही होता, तो मी जीएसटीच्या साईटवर टाकला तर दुसऱ्याच धंद्याच्या नावावर, आणि तोही रद्द झालेला. हे बघायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं पैसे गेल्यावर दिली.

सगळेच एजंट असे असतात असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. माझ्या नणंदेने सिंगापूरची क्रूझ पुण्याच्या एका बाईंकडून केली, त्यांनी स्वतःहून सांगितलं की विमानाने एक दिवस आधी पोचा, उशीर झाला तर जहाज थांबत नाही, सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे का बघा कारण जहाज बाहेर जाऊन परत तिथेच येतं, पासपोर्ट सहा महिने तरी व्हॅलिड हवा, आणि जहाजावर चढलात की फोन फ्लाईट मोडवर टाका नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल हजारात येतं. अशी माहिती देणारा माणूस आणि "तुम्ही टेन्शन घेऊ नका" म्हणणारा माणूस यातला फरक मला आता कळतो. चांगल्या एजंटला तुमचा ईमेल बुकिंगवर टाकायला काहीच हरकत नसते.

मार्चमध्ये आम्ही अप्पांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीने नेलं. तासाभराचा प्रवास. जाताना आणि येताना दोन्ही वेळा ते वर उघड्यावरच उभे राहिले, कठडा धरून.

तुमच्यापैकी कोणी आत्ता कुणाकडे क्रूझचे पैसे भरले असतील तर आज जहाज कंपनीच्या साईटवरून नंबर काढून फोन करा, एजंटने दिलेल्या नंबरवर नको. नुसतं बुकिंग आहे का असं विचारू नका, ते आमचंही होतं. आजपर्यंत किती रक्कम जमा आहे, किती बाकी आहे, शेवटची तारीख कधीची, आणि बुकिंगवर ईमेल-मोबाईल कोणाचा आहे, हे विचारा, आणि तो तुमचा करून घ्या. फायनल पेमेंटची तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी परत हाच फोन करा. आमच्या त्या ११ दिवसांत मी असा एक फोन केला असता तर निदान अप्पा तयार होऊन गेटपर्यंत आले नसते.