दांडिया बाजारातील अभ्यासवर्ग: पालकांनीही बसावे असा

राजकीय मते कशी घडतात, या विषयावरील वडोदऱ्याच्या या मराठी अभ्यासवर्गाला मुलांबरोबर पालकांनीही जावे, असे मी आग्रहाने सांगेन. १९६५ साली अमेरिकेत शालान्त वर्गातील विद्यार्थी व त्यांचे आईवडील यांची जी पाहणी झाली, तिच्यात पक्षनिष्ठा घरातून बरीच उतरते, इतर मते मात्र तितकीशी नाहीत, असे दिसले. हे समजावून बाईंनी प्रत्येकाला आपले एक मत आणि ते प्रथम कोणाकडून ऐकले, हे कागदावर लिहायला लावले. माझ्या मुलीने आरक्षणाविषयीच्या मतासमोर ‘आजोबा’ लिहिले आणि ती विचारात पडली. १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या सयाजीरावांच्या शहरात शाळेच्या प्रभावाला जेमतेम अर्धा तास मिळावा, हे मात्र खटकले. शुल्क माफक आहे.