जुन्या बोलेरोचा अल्टरनेटर: रिपेअर करून चालवायचा की नवाच टाकायचा?

गाडी दहा-बारा वर्षं जुनी, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलाय आणि मेकॅनिक म्हणतोय अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गेला, अशांसाठी हे लिहितोय. बेल्ट ढिला नाही, बॅटरीच्या टर्मिनलला पांढरं चढलेलं नाही, आणि इंजिन चालू असताना मल्टिमीटरचा आकडा चौदा व्होल्टच्या आसपास जायच्या ऐवजी बारा-साडेबारावरच बसलाय, एवढं तुम्ही बघितलं असेल असं धरतो. (चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चेक करणारा कोणी भेटला तर आधी त्याला थांबवा, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर असलेल्या गाडीत हा प्रयोग फार महागात पडू शकतो.)

माझी बोलेरो डीआय डिझेल इंजिनवाली, आणि मी दोन्ही करून झालोय, आधी रिपेअर आणि नंतर नवा.

पैशाचं बघितलं तर रिपेअरला तोड नाही. डायोड प्लेट, कटआउट (व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर), कार्बन (आतल्या फिरत्या भागाला टेकणारे ब्रश), दोन बेअरिंग आणि मजुरी धरून माझे तीन हजाराच्या आत भागले, नव्या ब्रँडेडला त्याच्या तिप्पट-चौपट गेले. तुमच्या मॉडेलला आकडे वेगळे असतील पण प्रमाण साधारण असंच राहील असं वाटतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला त्यामुळे नव्याचं बिल जरा सुसह्य झालंय, आणि जुना पीस दिला तर तांब्यापायी दुकानदार थोडे कमीही करतो, पुण्यात नाना पेठेत तरी मला करून मिळाले. रिपेअरला पक्कं बिल मागितलं की मात्र समोरचा तुमच्याकडे नुसता बघतो.

कामातही रिपेअर काही वाईट नव्हता हे प्रामाणिकपणे सांगतो. त्या इलेक्ट्रिशियनचा हात चांगला होता, घाटात रात्री हेडलाइट, वायपर, एसी सगळं चालू ठेवून कधी उजेड कमी झाला नाही.

मग घोडं अडलं कुठे, तर मागच्या व्हॅक्यूम पंपावर. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा आयता व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडल हलकं करणारा भाग) वेगळा पंप लागतो, आणि बोलेरो, सुमो, क्वालिस अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. त्याला इंजिनचं ऑइल जातं. सील म्हातारं झालं की तेच ऑइल आत अल्टरनेटरमध्ये उतरतं, कार्बन भिजतात आणि चार्जिंग परत लंगडायला लागतं. माझं तेच झालं. इलेक्ट्रिशियनकडे गेलो तर तो म्हणे माझं काम ओके आहे, पंप तुमच्या मेकॅनिकचा. मेकॅनिककडे गेलो तर तो म्हणे अल्टरनेटर खोलला त्याने, सीलचं त्यालाच विचारा. लग्नात जेवण कमी पडलं की दोन्ही व्याही एकमेकांकडे बोट दाखवतात तसला प्रकार, आणि मी मधे उभा. बरं दोघांचंही आपापल्या जागी खरं होतं, त्यामुळे भांडणार तरी कोणाशी. तेवढ्यात ब्रेक पेडल कडक लागायला लागलं, आणि मग मात्र मी हजार-दोन हजाराचा हिशोब सोडून दिला. चार्जिंग गेलं तर गाडी बंद पडेल फार तर, पण उतारावर ब्रेकला जास्त जोर लावायची वेळ आली की डोकं चालत नाही.

नवा घेतला तो पंपासकट आला. एक बॉक्स, एक बिल, काही झालं तर विचारायला एकच माणूस. मला वाटतं मी पैसे खरं तर त्याचेच दिले. घेताना पंपासकट आहे ना हे आधी विचारा, कारण बिनपंपाचाही पीस मिळतो आणि त्यावर जुनाच पंप चढवून देतात, म्हणजे मूळ दुखणं तसंच राहतं. बॉक्सवरचं लेबल, पार्ट नंबर नीट बघा, नामांकित कंपनीच्या डब्यात डुप्लिकेट माल सर्रास असतो.

आता सगळ्यांनी नवाच घ्यावा असं माझं म्हणणं नाही. गाडी पेट्रोल असेल, किंवा पंप इंजिनवर वेगळीकडे असेल, तर बिनधास्त रिपेअर करा, नुसते कार्बन नाहीतर कटआउट गेला असेल तर नव्याचा विचारही करू नका, काही शेकड्यांत काम होतं. वर्षभरात गाडी विकायची असेल तरीही तेच. स्क्रॅपवाल्याकडचा वापरलेला पीस मी घेतलेला नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही, ज्यांना मुंबईतल्या कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजाराची माहिती आहे त्यांनी बघावं.

पंपवाला अल्टरनेटर रिपेअरच करणार असाल तर खोललाच आहे तर सील किटही त्याच वेळी टाकायला सांगा, आणि ते टाकलंय हे कच्च्या का होईना पण बिलावर लिहून घ्या.