चार क्लिपांचा स्टीलचा डबा: गळत नाही, पण उघडतो का?

खाली स्टीलचा चौकोनी डबा, वर प्लॅस्टिकचं झाकण, झाकणाला चार बाजूंनी चार क्लिपा आणि आतल्या खाचेत सिलिकॉनची रिंग. जूनच्या आधी भांड्यांच्या दुकानात ‘शाळेचा डबा द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी हाच पुढे येतो. साधारण साडेतीनशे ते सहाशे रुपये. शेजारीच दाबून बसवायच्या झाकणाचा जुना गोल डबा असतो, त्याच्या निम्म्या किमतीत. जास्तीचे पैसे मोजावेत का? पहिली-दुसरीतलं मूल असेल तर लगेच हो म्हणू नका.

गळण्याच्या बाबतीत हा डबा चोख आहे. घरी आणल्यावर अर्धा डबा पाणी भरून, क्लिपा लावून, वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटा ठेवा. कागद ओला झाला तर बहुतेक वेळा दोष रिंगचा असतो: ती खाचेत पिळली गेलेली असते किंवा एका कोपऱ्यात उचललेली असते. नीट बसवून पुन्हा पाहा. तरीही गळला, तर पावती आहे तोवर बदलून घ्या.

मात्र ‘दोन कप्प्यांचा’ या शब्दावर जाऊ नका. मधली पट्टी बहुतेक डब्यांत झाकणापर्यंत पोचत नाही. डबा बाहेर गळत नाही, पण आतल्या आत मटकीचा रस पोळीच्या कप्प्यात जातो. एकच मोठा कप्पा असलेला डबा घ्या आणि भाजीसाठी घट्ट झाकणाची छोटी स्टीलची डबी आत ठेवा. सात इंची दोन पोळ्या घडी करून आणि ही डबी, एवढं ५०० मिलिच्या डब्यात बसतं. आकड्याची खात्री नसेल तर मापाच्या पेल्याने पाणी ओतून मोजा. काठोकाठ भरल्यावरचं माप छापलेलं असतं, झाकण लागेल इतकंच भरलं तर ते कमीच येतं.

आता घट्टपणाची दुसरी बाजू. वाफाळता उपमा भरून लगेच क्लिपा लावल्या की आतली हवा थंड होताना आकसते, वाफेचं पाणी होतं आणि झाकण आत ओढलं जातं. मधोमध खळगा दिसला तर समजा, हा डबा सहा वर्षांच्या हाताला उघडणार नाही. सुट्टी वीस मिनिटांची, बाईंपुढे रांग, डबा तसाच घरी. काही झाकणांना वर रबरी बूच असतं, ते उचललं की हवा आत जाते. पर्याय असेल तर तेच झाकण घ्या. नसेल तर डबा भरून झाकण नुसतं तिरपं टेकवून दहा मिनिटं ठेवा, क्लिपा अगदी निघताना लावा. त्याने पोळीही ओली होत नाही, कारण पोळीला भिजवणारं पाणी नुसतं भाजीचं नसतं, तिच्याच वाफेचंही असतं.

या डब्यात काय टिकतं? पोळीपेक्षा दशमी चांगली: कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, दुपारपर्यंत मऊ राहते. तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, तूप-गूळ पोळीची गुंडाळी, बटाट्याच्या काचऱ्या हे सगळं छान राहतं. भेंडी मात्र कोंडलेल्या वाफेत चिकट होते. दहीभात द्यायचा तर एक वाटी मऊ, पूर्ण निवलेल्या भाताला पाऊण वाटी कोमट दूध आणि फक्त दोन चमचे दही घाला. सुट्टीपर्यंत विरजण लागून बेताचा आंबट होतो. सकाळीच सगळं दही घातलं तर भात दुपारी आंबट आणि घट्ट गोळा झालेला निघतो. सफरचंदाच्या फोडी दोन मिनिटं मिठाच्या पाण्यात (एक पेला पाणी, पाव चमचा मीठ) बुडवून, निथळून भरल्या तर काळ्या पडत नाहीत.

छोट्या सुट्टीच्या खाऊला हा डबा वापरूच नये. भडंग, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की यांना क्लिपा कशाला? तो जुना गोल डबा त्यासाठी उत्तम आणि स्वस्त.

स्टीलची पारख करताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो. चिकटलं नाही तर ‘३०४ आहे’ म्हणतो, म्हणजे भांड्यांसाठीचं चांगल्या प्रतीचं स्टील. ही चाचणी अपुरी आहे. निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असलेलं २०२ हे स्वस्त स्टीलही सहसा चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. नुसत्या नजरेने फरक कळत नाही, म्हणून तळावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १४७५६ हा क्रमांक पाहा. स्टीलच्या भांड्यांसाठी हे चिन्ह सक्तीचं करणारा आदेश २०२४ साली निघाला. काठावरून बोटही फिरवा. दुमडलेली कड नीट बंद नसेल तर तिच्यात पाणी साचतं आणि तांबूस डाग येतात.

सगळ्यात आधी मोडते ती क्लिप. तिची बिजागरी म्हणजे प्लॅस्टिकचाच पातळ केलेला भाग. मुलं क्लिप पार मागे वाकवतात आणि तिथेच चीर जाते. एक क्लिप गेली की त्या बाजूने गळायला लागतं. सुटं झाकण मिळतं का, हे घेतानाच विचारा, नाही तर पन्नास रुपयांच्या भागापायी अख्खा डबा मोडीत जातो.

रिंग आठवड्यातून दोनदा चमच्याच्या दांड्याने काढून, खाच जुन्या दातब्रशने घासून, दोन्ही रात्रभर सुकू द्या. ओली बसवली की खाचेत काळी बुरशी धरते. लसणाचा वास राहिला तर पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवा. आणि नाव डब्यावर घालता तसं झाकणावरही घाला: वर्गात झाकणं बदलली जातात आणि एका कंपनीचं झाकण दुसऱ्याच्या डब्याला बसत नाही.