आंब्याच्या सीझनला पोस्टग्रेस: अडकलेलं ट्रान्झॅक्शन शोधायला उत्तम, पण मूळ सेटिंगवर सोडू नका

रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या पॅकहाउसमध्ये पेट्यांची आवक, ग्रेडिंग आणि वाशीच्या गाडीची चलनं एकाच सर्व्हरवर चालत असतील, तर डेटाबेस म्हणून पोस्टग्रेसएसक्यूएल बेधडक घ्यावा. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) अडकलं की कोणामुळे अडकलं, हे तो मिनिटभरात दाखवतो. अडकलेलं आपोआप सोडवणारी सेटिंग्ज मात्र मुळात बंद असतात आणि नेमकं एप्रिल-मेमध्ये ते महागात पडतं.

वळवाचा पाऊस आला, शेडमधली वीज आणि राउटर दोन्ही गेले. तिथल्या कॉम्प्युटरने साठ्याची ओळ अपडेट केली होती, कमिट (बदल पक्का करणं) राहिलं. कनेक्शन तुटल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. लिनक्सच्या मूळ सेटिंगवर टीसीपी (नेटवर्कची जोडणी सांभाळणारी व्यवस्था) जोडणी जिवंत आहे का याची पहिली चौकशी करतो ७२०० सेकंदांनी, त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा. म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ त्या ओळीवरचं लॉक (दुसऱ्या कोणाला ती बदलू न देणारं कुलूप) तसंच राहतं आणि त्याच मालाचं चलन करणारे बाकीचे स्क्रीन गोल फिरत बसतात.

अशा वेळी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी हा चालू कनेक्शन्सची यादी दाखवणारा व्ह्यू उघडायचा. ज्यांचा वेट_इव्हेंट_टाइप ‘लॉक’ आहे ते बिचारे थांबलेले. त्यांच्या पिडवर (प्रोसेसच्या क्रमांकावर) पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन चालवलं की अडवणाऱ्याचा पिड मिळतो. हे फंक्शन २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे. त्याआधी पीजी_लॉक्स या लॉक्सची यादी देणाऱ्या व्ह्यूच्या लांबलचक जोडण्या क्वेरीत लिहाव्या लागत. अडवणाऱ्याची स्टेट बहुतेक वेळा ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून निवांत, अशी निघते. इथे एक फसगत हमखास होते. त्याच्या क्वेरी रकान्यात दिसतं ते शेवटचं चाललेलं वाक्य, लॉक घेणारं नव्हे. साधं सिलेक्ट (फक्त डेटा वाचणारं वाक्य) दिसलं म्हणून त्याला निर्दोष समजू नका. एक्सॅक्ट_स्टार्टची, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची, वेळ बघा. प्रत्येक शेडच्या कनेक्शनला वेगळं ॲप्लिकेशन_नेम दिलेलं असलं, तर कोणत्या शेडला फोन लावायचा तेही तिथेच कळतं.

सोडवताना पीजी_कॅन्सल_बॅकएंड इथे कामाचं नाही. ते चालू क्वेरी थांबवतं आणि निवांत बसलेल्याची क्वेरी चालूच नसते. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड वापरा, ते कनेक्शनच तोडतं. शेलमधून (सर्व्हरच्या कमांड लाइनवरून) प्रोसेस जबरदस्तीने मारणारं ‘किल -९’ कधीही देऊ नका: एक प्रोसेस तशी मेली की सर्व्हर सगळ्यांचीच कनेक्शन्स तोडून रिकव्हरीत जातो.

हे रोज हाताने करायची वेळ येऊ नये म्हणून ॲपच्या रोलवर (डेटाबेसमधल्या त्याच्या युजरवर) आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ६० सेकंद आणि लॉक_टाइमआउट १० सेकंद लावावा. पहिला ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलेल्याला तोडतो, दुसरा लॉकची वाट बघणं थांबवतो. दोन्हींचं मूळ मूल्य शून्य, म्हणजे बंद. पहिला टाइमर सर्व्हरच्याच हातात असल्यामुळे शेडमध्ये वीज नसली तरी तो काम करतो. नव्या सेशनपासून तो लागू होतो आणि सेशनच तोडतो, तेव्हा ॲपला पुन्हा जोडणी घेता आली पाहिजे. बॅकअप घेणारा पीजी_डम्प हे दोन्ही टाइमआउट स्वतःसाठी बंद करून घेतो, त्यामुळे रात्रीच्या बॅकअपची चिंता नको. मूळ दोष मात्र बहुधा ॲपमध्येच असतो. फॉर्म उघडतानाच बिगिन (ट्रान्झॅक्शनची सुरुवात) करून ऑपरेटर पेट्या मोजेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं चूक आहे. ‘सेव्ह’ दाबल्यावर बिगिन, लगेच कमिट.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबीत (डेटा साठवणाऱ्या त्याच्या इंजिनात) लॉकसाठी थांबायला ५० सेकंदांची मर्यादा आधीपासून लावलेली असते, ते चांगलंच आहे. पण ती संपली की मूळ सेटिंगवर फक्त ते एक वाक्य मागे घेतलं जातं; ॲपने तरीही कमिट दिलं तर चलन अर्धवट नोंदलं जातं. पोस्टग्रेस अख्खं ट्रान्झॅक्शन रद्द ठरवतो. पैशांच्या हिशोबाला हेच हवं.

एक उणीव खटकते. ओळींवरची लॉक्स पीजी_लॉक्समध्ये ओळवार दिसत नाहीत, कारण ती ओळीतच नोंदलेली असतात. लॉग_लॉक_वेट्स चालू ठेवलं तर एक सेकंदापेक्षा जास्त थांबलेल्याची नोंद लॉगमध्ये येते, सोबत टेबलचं नाव आणि ओळीचा सीटीआयडी (टेबलमधली तिची जागा). तो घेऊन लगेच सिलेक्ट मारला की देवगडचा कुठला लॉट अडकलाय ते समोर येतं.

आणि भर सीझनला, दिवसा, ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारी आज्ञा) नको. त्या टेबलवर एखादं जुनं ट्रान्झॅक्शन उघडं असेल तर ऑल्टर टेबल रांगेत थांबतं आणि त्याच्या मागे साधे सिलेक्टसुद्धा थांबतात. दाभोळच्या फेरीबोटीवर मोठा ट्रक पुढे अडला की मागच्या दुचाक्याही चढू शकत नाहीत, तसं. करायचंच असेल तर गाड्या सुटल्यावर, त्या सेशनला लॉक_टाइमआउट ३ सेकंद लावून करा. नाही जमलं तर थोड्या वेळाने पुन्हा.