नवीन म्हणून जुना लॅपटॉप विकला आणि बॅटरीची तक्रार केली तर 'सेटिंग बदलून बघा' म्हणत रिटर्नचे सात दिवस घालवले

थोडं मोठं लिहितोय पण कॉलेज, क्लास, नोकरी चालू होताना घरात पहिला लॅपटॉप घेणाऱ्यांनी पूर्ण वाचा. मला हे वेळेवर कोणी सांगितलं असतं तर आमचे ४४,५०० रुपये अडकले नसते.

माझी धाकटी बहीण साताऱ्यात सीएची आर्टिकलशिप करते. ऑडिटला क्लायंटच्या ऑफिसात जावं लागतं, तिथे गोडाऊनच्या कोपऱ्यात टेबल देतात, जवळ प्लग असेलच असं नाही, आणि आमच्या घरी मेंटेनन्सला लाईट गेली की संध्याकाळपर्यंत येत नाही. म्हणून दुकानात शिरल्या शिरल्या मी एकच गोष्ट सांगितली होती की बाकी काही कमीजास्त चालेल, बॅटरी चांगली पाहिजे. जूनच्या १४ तारखेला शनिवारी पुण्यात गेलो, मध्यवस्तीतलं दुकान, गर्दी भरपूर, सगळे आईबाप आणि पोरं. दुकानदाराने एक मॉडेल दाखवलं, म्हणाला सर सहा-सात तास आरामात, ऑनलाइनपेक्षा तीन हजार कमी लावतो. आमच्यासमोर बॉक्स आणला, टेप दिसली, मी मान हलवली आणि मग तो म्हणाला की आत नेऊन एमएस ऑफिस टाकून सगळी सेटिंग करून देतो, घरी तुम्हाला त्रास नको. वीस-पंचवीस मिनिटांनी चालू करूनच हातात दिला. म्हणजे सील फोडताना मी समोर नव्हतो. बिल मिळालं, जीएसटी नंबर होता, मॉडेलचं नाव होतं, पण सिरियल नंबरचा रकाना रिकामा होता आणि माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

सोमवारी १६ तारखेला बहीण क्लायंटकडे गेली. १०० टक्के चार्ज करून दहाला बसली, एक्सेल, टॅली आणि मध्ये एक व्हिडिओ मीटिंग, बाराला दहा मिनिटं कमी असताना लॅपटॉप बंद. मला फोन आला, "दादा हा दोन तास पण नाही चालला, मला सरांसमोर दुसऱ्याचा लॅपटॉप मागायला लागला." पहिलाच आठवडा होता तिचा तिथे. मला फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी दुकानात फोन केला. माणूस अगदी गोड बोलला. सर नवीन बॅटरी आहे, तीन-चार वेळा पूर्ण शून्यावर आणून आठ-आठ तास चार्ज करा, मग सेट होईल. आम्ही ते केलं, त्यात तीन दिवस गेले. नंतर कळलं की ही गोष्ट जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातली, आताच्या लिथियम बॅटरीला अशी सवय लावावी लागत नाही, उलट सारखं शून्यावर नेणं तिला चांगलं नसतं. गुरुवारी परत फोन केला तर म्हणाला नवीन विंडोजमध्ये अपडेट डाउनलोड होत असतात, आठवडाभर द्या. आता हे अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच पटतं. नवीन लॅपटॉप पहिले काही दिवस अपडेट घेतो, फाइलींची सूची बनवतो, फोटो-फाइल क्लाउडवर चढवतो, तेव्हा बॅटरी थोडी जास्त जातेच. म्हणून आम्ही थांबलो. मध्ये मी स्वतः पण बसलो, ब्राइटनेस चाळीसवर आणला, सेटिंग्जमध्ये सिस्टम, तिथून पॉवर अँड बॅटरी उघडून कुठलं ॲप किती बॅटरी खातंय ते बघितलं, ब्राउझरची फालतू एक्स्टेन्शन काढली, चालू होताना आपोआप उघडणारी ॲप बंद केली, बॅटरी सेव्हर लावला. एवढं करून फार तर वीस मिनिटं वाढली. शनिवारी २१ तारखेला तिसरा फोन, तेव्हा म्हणाला बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागेल, आज इंजिनिअर नाही, सोमवारी घेऊन या.

सोमवारी नेला. तीन दिवस ठेवून घेतला, विंडोज नवीन टाकून दिलं, म्हणाला आता बघा. घरी आणला, तेच. मग मी म्हणलं मला बदलून द्या, तर त्याच गोड माणसाने बिलाच्या मागची बारीक ओळ दाखवली, 'बदली सात दिवसांत, बॅटरी व अडॅप्टरला दुकानाची वॉरंटी नाही'. माझे सात दिवस शनिवारी संपले होते, आणि शनिवारी मला सोमवारी या असं त्यानेच सांगितलं होतं. त्या क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हे जे चार्ज करा, थांबा, अपडेट करा चाललं होतं ते बॅटरीसाठी नव्हतंच, ते कॅलेंडरसाठी होतं. मला कामाला लावून ठेवलं होतं. आणि मी प्रत्येक वेळी त्यांचं ऐकून, चूक आपल्याच वापरात असेल असं समजून घरी जात होतो.

रात्री मावसभावाला फोन केला, तो एका कंपनीत हार्डवेअर सपोर्ट बघतो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, बॅटरी रिपोर्ट काढलास का? मला हे माहीतच नव्हतं. विंडोजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये ही सोय आधीपासून असते, वेगळं काही टाकायला लागत नाही, पैसे नाहीत, एक मिनिटाचं काम. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडायची आणि तिथे पॉवरसीएफजी लिहून, एक स्पेस देऊन, स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारायचं. फाइल कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात वरच दोन आकडे असतात, डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी कारखान्यातून निघताना किती साठवू शकत होती, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज १०० टक्के दाखवते तेव्हा खरं किती साठवते. नवीन लॅपटॉपमध्ये हे दोन्ही जवळजवळ सारखे असायला पाहिजेत.

आमच्या रिपोर्टमध्ये डिझाइन ४१,०४० मिलिवॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). फुल चार्ज २४,८९०. सायकल काउंट ४१२.

बारा दिवसांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपची बॅटरी ४१२ वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरण्याइतकी वापरली गेली होती. मी तो आकडा दोनदा वाचला, मग बहिणीला वाचायला सांगितला.

भावाने मग समजावलं ते इथे मुद्दाम लिहितो कारण बॅटरी लवकर संपते म्हणल्यावर सगळे आपल्याला सेटिंगच बदलायला लावतात. बॅटरी लवकर संपायची दोन वेगळी कारणं असतात. एक तर लॅपटॉप वीज जास्त खातोय, किंवा बॅटरीतच वीज कमी मावतेय. आपली गच्चीवरची टाकी लवकर रिकामी होत असेल तर आधी बघावं लागतं की नळ गळतोय का टाकीच लहान आहे. सेटिंग, ॲप, ब्राइटनेस हे सगळं नळाचं काम. आमचा नळ ठीक होता, त्याच रिपोर्टमध्ये खाली किती वेळात किती वीज गेली ते दिसतं, तासाला साधारण १३ वॉट-अवरच्या (म्हणजे १३,००० मिलिवॉट-अवरच्या) हिशोबाने जात होती, मीटिंग आणि स्क्रीन चालू असताना ते काही जास्त नाही. टाकीच साठ टक्के राहिली होती, मग कुठलं अपडेट तिला मोठं करणार? म्हणून पहिल्या दिवशी सेटिंगला हात लावायच्या आधी रिपोर्ट काढा, तिथेच कळतं की प्रश्न आपला आहे का दुकानदाराचा.

आणखी एक, त्या रिपोर्टमध्ये आठवड्यावार कपॅसिटी कशी उतरत गेली त्याचाही इतिहास असतो, पण तो विंडोजने ठेवलेला असतो. विंडोज नवीन टाकलं की तो पुसला जातो. आमच्याकडे १४ ते २३ तारखेचं काही उरलं नाही. डिझाइन, फुल चार्ज आणि सायकल हे आकडे बॅटरीच्या स्वतःच्या चिपमधून येतात म्हणून ते शाबूत राहिले. तर दुकानात किंवा कुठेही रिपेअरला द्यायच्या आधी रिपोर्ट काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. काही लॅपटॉपमध्ये सायकलचा रकाना रिकामा येतो, तेव्हा वरच्या दोन आकड्यांवर जायचं.

नंतर बाकीचं उलगडत गेलं. लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये जाऊन सिस्टम इन्फॉर्मेशनमधला सिरियल नंबर बघितला, तो एक. खालच्या स्टिकरवरचा आणि बॉक्सवरचा वेगळाच. बायोसमधला नंबर कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटी तपासायला टाकला तर वॉरंटी संपलेली, सुरू झालेली तारीख जवळपास दोन वर्षांपूर्वीची. स्टिकरवरचा टाकला तर दुसरंच मॉडेल. म्हणजे कुठल्या तरी ऑफिसातून परत आलेला लॅपटॉप पुसून, नवीन स्टिकर लावून बॉक्समध्ये घातला होता. एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) मात्र खरंच नवीन टाकलेली, तिचे वापराचे तास बघितले तर अगदी थोडे, फक्त तेवढंच तपासलं असतं तर मी अजून फसलो असतो. मग खाली उलटा करून टॉर्च मारला, दोन स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या होत्या. हे सगळं दुकानात दहा मिनिटांत दिसलं असतं.

रिफर्बिश्ड, म्हणजे जुना नीट करून परत विकलेला लॅपटॉप घेण्यात काही वाईट नाही हो, माझ्या मित्रांनी उघड सांगून विकलेले जुने ऑफिसचे लॅपटॉप वीस-बावीस हजारात घेतलेत आणि खुश आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्याने ऑफिसं जुने लॅपटॉप काढणार आणि तसा माल अजून येत राहणार. पण जुना असेल तर जुना म्हणून विका, जुन्याचा भाव घ्या.

दुकानदाराला आकडे दाखवले तर आधी म्हणाला हे सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं. सिरियल नंबर दाखवला तर म्हणाला हा लॅपटॉप आमचाच कशावरून, बिलावर नंबर कुठे आहे. हाच तो रिकामा रकाना. शेवटी मेहरबानी केल्यासारखं म्हणाला २,८०० द्या, बॅटरी बदलून देतो. मी नाही म्हणलं, तुम्ही पण म्हणा, कारण बॅटरी एकदा बदलली की पुरावाच दुकानात जातो.

सुदैवाने बॉक्स, माझे फोनचे कॉल, आणि दुकानाच्या नंबरवरून आलेला 'सोमवारी घेऊन या' हा मेसेज होता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवीन म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं स्पष्ट लिहिलंय, कलम २ (४७). सदोष माल परत न घेणंही त्यातच येतं, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. आमच्या बिलावर सात दिवस छापलेत आणि पहिली तक्रार तिसऱ्या दिवसाची आहे, म्हणून तो मेसेज आणि कॉलची यादी मला सोन्यासारखी वाटते. तक्रार करायला पुण्याला जावं लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, ऑनलाइन भरता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षं. आम्ही साताऱ्यात दाखल केलीय. पैसे अजून मिळालेले नाहीत. बहीण एक्स्टेन्शन बोर्ड पिशवीत घेऊन फिरते.

हे लिहायचं अजून एक कारण आहे. त्या शनिवारी काउंटरवर माझ्या शेजारी एक काका होते, मुलीची इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली म्हणून पेढ्यांचा बॉक्स हातात होता, दुकानदारालाही दिला, मलाही दिला. त्यांनी तेच मॉडेल घेतलं, तसंच आत नेऊन सेटिंग करून दिलं, आणि निघताना त्यांनी मला विचारलं होतं चांगला आहे ना हो हा, मी म्हणलं हो काका, मीही तोच घेतोय. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. काका, तुम्ही किंवा तुमची मुलगी हे वाचत असाल तर आज रात्रीच तो रिपोर्ट काढा आणि बिलावर सिरियल नंबर आहे का ते बघा, सात दिवस गेले असले तरी तुमची दोन वर्षं अजून आहेत.