संबरा विमानतळ, शेटलंड: धुक्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड बेटांच्या पार दक्षिण टोकावर हा विमानतळ आहे. 1936 मध्ये इथे गवतावर विमानं उतरायची. पक्क्या धावपट्ट्या झाल्या दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाचा तळ आला तेव्हा. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांचा फायदा आजही होतो. वारा फिरला की दुसरी धावपट्टी घेता येते.

वाऱ्यावर असा इलाज आहे, धुक्यावर नाही. उन्हाळ्यात उबदार, दमट हवा थंडगार समुद्रावरून येते आणि ढग थेट जमिनीवर बसतो. लर्विक गावात लख्ख ऊन असताना इथे धावपट्टीचं टोक दिसत नाही, असंही होतं. मग विमान शेजारच्या ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉलला वळतं, नाहीतर माघारी स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर ॲबर्डीनला जातं. म्हणून लंडनहून मुंबईचं विमान त्याच दिवशी धरायचा बेत करूच नका, मध्ये एक रात्र ठेवा. विमान रद्द झालं तर लर्विकहून ॲबर्डीनला रात्रीची बोट आहे. थेट जाणारी संध्याकाळी 7 ला सुटते, कर्कवॉलमार्गे जाणारी साडेपाचला. धुक्याच्या दिवशी सगळेच तिच्याकडे धावतात, तेव्हा केबिन लगेच बघा. लर्विक 40 किलोमीटरवर आहे. 6 नंबरची बस जाते, पण वेळापत्रक आधी पाहून ठेवा.

इथली विमानं बहुतेक एटीआर, म्हणजे पंख्यांची छोटी विमानं. चढायचं मागच्या दारानं, तेही उघड्यावरून चालत, त्यामुळे वारा अडवणारं जाकीट बॅगेत नको, अंगावर हवं. डोक्यावरचे कप्पे उथळ असतात, चाकांची बॅग शिडीपाशीच काढून घेतली जाऊ शकते. पॉवर बँक आणि औषधं आधीच खांद्यावरच्या पिशवीत काढून ठेवा. पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाही.

टर्मिनल छोटं आणि सुटसुटीत, कुठे चुकायला जागाच नाही. पण खरी गंमत बाहेर आहे. ए 970 हा रस्ता धावपट्टीच्या पश्चिम टोकावरून आडवा जातो. विमान यायचं झालं की लाल दिवे लुकलुकतात, रेल्वेसारखं फाटक पडतं, गाड्या थांबतात आणि समोरून विमान जातं. जार्ल्सहॉफचे प्राचीन अवशेष आणि 1821 चं दीपगृह पाहायला याच रस्त्यानं जायचं, म्हणून परतीच्या वेळेत फाटकाची दहा मिनिटं धरा. एप्रिल ते जुलै दीपगृहाच्या कड्यावर पफिन पक्षी अगदी जवळून दिसतात.