प्लेट जुनी, कुलचिन्ह नवं

इंग्रज घराणी 18व्या शतकात आपलं कुलचिन्ह काढलेली पोर्सेलिनची भांडी चीनमधून मागवत. त्यातलीच एक प्लेट, '1745च्या सुमाराची' म्हणून लंडनमध्ये एका संग्राहकाला विकली गेली. प्लेट खरोखरच तेव्हाची होती; मधलं कुलचिन्ह मात्र अलीकडचं. या प्रकारात माणूस हमखास गाफील राहतो, कारण माती, झिलई, बूड सगळं अस्सल निघतं.

करतात ते असं. जिंगडेझेनची (चीनमधलं पोर्सेलिनसाठी प्रसिद्ध शहर) साधी, चार फुलं काढलेली प्लेट स्वस्तात मिळते. मधली फुलं हायड्रोफ्लोरिक आम्लाने उतरवायची, तिथे ढाल, शिरस्त्राण, बोधवाक्य रंगवायचं आणि प्लेट पुन्हा भाजायची. किंमत कितीतरी पटींनी चढते.

पण भट्टी चुगली करते. इतक्या वर्षांत ओरखड्यांत मुरलेला मळ आणि ओल 700-800 अंश सेल्सिअसच्या आचेत बाहेर पडते आणि काळे ठिपके उठतात. या प्लेटच्या बुडाशी मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते. दहापट भिंगातून तर सगळंच उघड झालं: सुरीचा एक लांब ओरखडा ढालीच्या लाल रंगाखाली शिरून पलीकडे निघत होता. रंग मुळातला असता, तर ओरखड्याने तोच कापला असता. दिव्याखाली प्लेट तिरपी धरल्यावर जुन्या फुलांच्या जागा मंद, बिनचकाकीच्या दिसल्या.

ढालीची घडणही पाहावी. फावड्याच्या आकाराची ढाल साधारण 1785 नंतर रूढ झाली, ती 1745च्या प्लेटवर शोभत नाही. ढाल उभी दुभागलेली असेल तर ती बहुधा नवरा-बायको दोघांच्या घराण्यांची. मग लग्नाचं साल प्लेटच्या आधीचं किंवा त्याच सुमाराचं हवं.

पॅरिसच्या सॅम्सन कारखान्याच्या नकला (1845 पासून) ओळखायला तुलनेने सोप्या. झिलई करडी-निळसर, बुडाच्या कड्याला चिनी भांड्यांवर बरेचदा दिसणारी नारिंगी छटा नाही. बुडाशी एखादी जागा घासलेली दिसली, तर कारखान्याची खूण पुसली आहे असंच धरावं.

पैसे देण्याआधी पावतीवर 'प्लेट आणि कुलचिन्ह, दोन्ही 1745च्या सुमाराची' असं लिहून घ्याच. वरच्या प्रकरणात पावतीवर एवढंच होतं: '18व्या शतकातली चिनी प्लेट'. ते खरंच असल्यामुळे विक्रेत्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला.